गटारीच्या बिअरला दवाखान्याचा वास (आडाचं पाणी, तिसरं आदण)

आडवाटेचा
5 ऑगस्ट, रात्री 10:40

मंडळी, मदत पाहिजे.

बेळगावपासून वेंगुर्ले रोडला दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव. मार्चपासून घरी बिअर करुलोय, 20-20 लिटरची. गुऱ्हाळात म्हणतात तसं मी पण 'आदण'च म्हणतो. पहिलं आदण मार्चात, दुसरं मेमध्ये. दोन्ही बरी झाली. बरी म्हणजे काय, मित्रांनी आपणहून दुसरा ग्लास मागितला.

तिसरं खास गटारीसाठी. 10 जुलैला लावलं, 24 ला बाटल्या भरल्या, काल आमावस्येला सहाजण जमल्यावर पहिली बाटली उघडली. पहिल्यानं वास घेऊन ग्लास खाली ठेवला. दुसरा म्हणाला, "हे काय रे, दवाखान्यात बसल्यागत वाटायलंय." शेवटी दुकानातून आणावी लागली. माझ्या 26 बाटल्या तशाच पडून आहेत.

बदललं काहीच नाही. साडेचार किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं बार्ली), पाव किलो क्रिस्टल माल्ट, 66 अंशांवर तासभर मॅश (भरडलेलं माल्ट गरम पाण्यात ठेवणं), तासभर उकळी, यीस्ट यूएस-05. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (साखर किती आहे ते दाखवणारी घनता) 1.047. खोली 22-23 अंश, पावसाळ्यात आमच्याकडं यापेक्षा चांगलं काय मिळणार. हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचं, पाकीट तेवढं नवीन होतं. मला संशय त्याचाच.

चंदगडी_काजू
5 ऑगस्ट, रात्री 11:02

श्रावणाच्या पहिल्याच दिवशी बिअरचा धागा! पाप कुठं फेडशील?
पावसात गुडघा फुटला तर लावून बघ. गुण येईल.

तिसरं_रेल्वेगेट
6 ऑगस्ट, सकाळी 7:15

हॉप्सना कशाला बदनाम करतोस. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन असणार. आमच्याकडं शहरात राकसकोप धरणाचं येऊ दे नाहीतर हिडकलचं, क्लोरीन मारलेलंच येतं. मी आदल्या रात्री पाणी पातेल्यात उघडं ठेवतो आणि सकाळी उकळून घेतो.

अवांतर: कर्नाटकात उत्पादन शुल्क कायदा 1965 प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई आहे, हे नव्यांनी वाचून ठेवा. इथं उत्साहात फोटो टाकतात लोक.

आडवाटेचा
6 ऑगस्ट, सकाळी 8:30

नळ नाहीच ओ. घरचा आड आहे, आजोबांनी काढलेला. मार्चात तेच पाणी, मेमध्ये तेच. म्हणून तर डोकं चालेना.

(फोटो नाही टाकणार.)

कल्हईवाला
6 ऑगस्ट, सकाळी 11:48

आधी एक सांग. दवाखाना म्हणजे कुठला दवाखाना?

चेष्टा नाही करत. मी बंगळूरला एका ब्रूपबमध्ये चार वर्षं काम केलंय. 'दवाखान्याचा वास' ही तक्रार तिथंही यायची आणि प्रत्येकाचा दवाखाना वेगळा निघायचा.

दाताच्या डॉक्टरकडं जो वास येतो तो लवंगेच्या तेलाचा. बिअरला तसा येत असेल तर ते यीस्टचं काम. गव्हाच्या बिअरचं यीस्ट मुद्दाम तो वास देतं, तिथं तो गुण आहे. पण यूएस-05 लवंग देत नाही. तरी लवंग आली तर कुठलं तरी रानटी यीस्ट आत शिरलंय, आणि ते बहुधा साखर शेवटपर्यंत खात सुटतं. बिअर पाण्यासारखी पातळ होते, बाटली उघडली की फेस छताला.

इंजेक्शनच्या आधी कापसानं पुसतात तो स्पिरिटचा किंवा नेलपॉलिशचा वास असेल तर आंबताना उष्णता जास्त झाली. 22 अंशांत ते होणं अवघड.

तिसरा, जखमेवरची चिकटपट्टी नाहीतर डेटॉल. हा क्लोरोफिनॉलचा. माल्टच्या टरफलात फिनॉल असतातच, त्यांना क्लोरीन भेटलं की हा वास जन्मतो. डेटॉलमधलं मुख्य औषध क्लोरोझायलेनॉल, म्हणजे त्याच घराण्यातलं. त्यामुळं 'डेटॉलसारखा' ही नुसती उपमा नाही, नातं आहे. आणि अब्जात काही भाग एवढा जरी असला तरी नाकाला कळतो.

तेव्हा बाटली उघड, ग्लास हातात धरून थोडा कोमट होऊ दे, मग वास घे. शेवटची ग्रॅव्हिटी किती आली तेही सांग.

आडवाटेचा
6 ऑगस्ट, दुपारी 2:20

डेटॉल. शंभर टक्के डेटॉल. लवंग अजिबात नाही.
शेवटची ग्रॅव्हिटी 1.010, मेमधल्या आदणाची पण तेवढीच होती. फेस पण बेताचा.

कल्हईवाला
6 ऑगस्ट, दुपारी 2:31

मग यीस्टला सोड आणि क्लोरीन शोध. भांडी कशानं धुतोस?

आडवाटेचा
6 ऑगस्ट, दुपारी 2:50

आयोडोफोर, आयोडिनचं जंतुनाशक. भावाचा गोठा आहे, डेअरीची भांडी निर्जंतुक करायला तो आणतो, त्यातलंच. ब्लीच घरात नाही.

गच्चीवरची
6 ऑगस्ट, दुपारी 3:35

दादा, गोठ्यातलं नेमकं कुठलं ते बघून घ्या. भांड्यांचं वेगळं आणि दूध काढल्यावर म्हशीचं आचळ बुडवायचं वेगळं. दुसऱ्यात त्वचेसाठी ग्लिसरीन वगैरे घातलेलं असतं. माझ्या मामेभावानं तेच वापरलं होतं, फेस टिकेचना.

आणि बाटल्या कोण धुतं? तुम्ही की दुसरं कोण? मी शहापुरात गच्चीवर आल्याची बिअर करते. एकदा कामवाल्या मावशींनी बाटल्या 'स्वच्छ' करून ठेवल्या होत्या. फरशी पुसायच्या फिनेलनं.

आडवाटेचा
6 ऑगस्ट, दुपारी 4:05

भांड्यांचंच आहे, लेबल बघितलं. बाटल्या मीच धुतो, बायको त्या खोलीत पाय ठेवत नाही.

निपाणी_लोकल
6 ऑगस्ट, रात्री 9:12

धाग्यात घुसतोय, माफी. माझी उलटी तऱ्हा. जुन्या फ्रिजला थर्मोस्टॅट लावून लागर (थंडीत आंबवायची बिअर) केली, डब्ल्यू-34/70 यीस्ट, 12 अंश. बाराव्या दिवशी बाटल्या भरल्या. आता लोण्याचा वास येतोय. पहिला घोट बरा वाटतो, तिसऱ्या घोटाला पावावर अमूल लावून खाल्ल्यागत जीभ ओशट होते. वेगळा धागा काढू काय?

कल्हईवाला
6 ऑगस्ट, रात्री 9:40

नको, इथंच बोलू. अर्ध्या लोकांच्या पहिल्या लागरचा हाच आजार.

ते डायअसिटिल. यीस्ट आंबवताना एक कच्चा माल बाहेर टाकतं, त्याचं बिअरमध्ये आपोआप डायअसिटिल होतं. आंबणं संपत आलं की तेच यीस्ट ते परत उचलून पचवतं. म्हणजे घाण करणारा आणि झाडणारा एकच. तू झाडायच्या आधी त्याला घराबाहेर काढलास. 12 अंशांवर ते झाडणं फार सावकाश चालतं, म्हणून शेवटी दोन-तीन दिवस 18-20 अंशांवर न्यायचं असतं.

पुढच्या वेळी भरण्याआधी तपासून बघ. दोन वाट्यांत नमुना घे, दोन्ही झाक. एक फ्रिजमध्ये. दुसरी 60-65 अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं धर, मग गार कर आणि दोन्हींचा वास घे. दोन्ही स्वच्छ असतील तर खुशाल भर. तापवलेलीलाच लोणी आलं तर कच्चा माल अजून शिल्लक आहे, थांब. दोन्हींना आलं तर यीस्ट अजून कामावर आहे, आणखी थांब.

भरलेल्या बाटल्या फ्रिजमधून काढून आठवडाभर बाहेर ठेव. आत जिवंत यीस्ट आहे, ते थोडंफार उचलेल. पण आधी एका बाटलीची ग्रॅव्हिटी मोज. आंबणं अर्धवट राहिलं असेल तर बाहेर ठेवलेल्या बाटल्या फुटतील. गोणपाटात गुंडाळून, पोराबाळांपासून लांब ठेव.

चंदगडी_काजू
6 ऑगस्ट, रात्री 9:55

लोण्याचा नाही रे तो, कुंद्याचा! निपाणीत राहून बेळगावचा कुंदा बाटलीत भरलास. पेटंट घे.

निपाणी_लोकल
6 ऑगस्ट, रात्री 10:10

खरंच की! दूध आटवल्यासारखा गोडसर तुपट वास, कुंदाच. 'बटरस्कॉच' वाचून मी चॉकलेट आठवत बसलो होतो.

सिस्टर_मावशी
7 ऑगस्ट, पहाटे 5:50

मी बिअरमधली नाही. खानापूर तालुक्यात 30 वर्षं आरोग्य खात्यात काढली, भाची इथं वाचते म्हणून मी पण वाचते. एकच विचारते. बाळा, तुझ्या आडात पावसाळ्यात ब्लीचिंग पावडर टाकतात काय?

आडवाटेचा
7 ऑगस्ट, सकाळी 7:40

नाही मावशी, आमचा खाजगी आड आहे. सार्वजनिक विहिरीत टाकतात, आमच्यात कोण टाकणार.

आडवाटेचा
7 ऑगस्ट, सकाळी 8:25

मावशी, दंडवत घ्या.

आईला सहज विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "टाकली की. औषध टाकायला पोरं आली होती, शेजारच्या आडात टाकली, मग मीच हाक मारली. आमच्यात पण टाका म्हटलं, गॅस्ट्रोचे दिवस." कधी? "तू ते तुझं शिजवायच्या आदल्या दिवशी." किती टाकली? तिनं पिठाच्या हातानं दाखवलं. अर्धा किलोची पिशवी, अख्खी.

मला का नाही सांगितलंस म्हटलं तर म्हणते, "पाण्याला एवढा वास मारत होता, तुला कळायला नको?" मला त्या आठवड्यात सर्दी होती. नाक पूर्ण बंद. बाटल्या भरताना पण सुरसुर चालूच होती. नाकच नसलेला माणूस सहाजणांसाठी बिअर करत होता.

प्यायचं पाणी आम्ही वेगळं आणतो, त्यामुळं माझ्या तोंडात पण ते गेलं नाही.

चंदगडी_काजू
7 ऑगस्ट, सकाळी 8:31

आईला ब्रूमास्टर कर. तू भाकरी थाप.

सिस्टर_मावशी
7 ऑगस्ट, सकाळी 9:20

आईंचं काही चुकलं नाही. पावसाळ्यात आडाला क्लोरीन पाहिजेच, बिअरपायी ते बंद करू नका कुणी. चुकलं ते माप.

आड आडवा किती रुंद आणि पाणी किती खोल? आडव्या मापाचा मीटरमध्ये वर्ग करायचा, त्याला खोलीनं आणि 3.14 नं गुणायचं, चारनं भागायचं. तेवढे घनमीटर पाणी. एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. चांगल्या ताज्या पावडरीचं माप हजार लिटरला अडीच ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणी तेवढं आडात सोडायचं, आणि तासभर पाणी उपसायचं नाही. तासानंतर लिटरमागं निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं पाहिजे. आम्ही ओटी टेस्ट करायचो, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. जेवढं गडद पिवळं तेवढं क्लोरीन.

पिशवी अख्खी ओतायची सवय मी नोकरीभर बघितली. कुणाला वाटतं जास्त टाकलं म्हणजे जास्त औषध.

आडवाटेचा
7 ऑगस्ट, सकाळी 10:05

आड 2 मीटर रुंद, जुलैत पाणी साधारण 5 मीटर. म्हणजे 15.7 घनमीटर, 15,700 लिटर. पावडर पाहिजे होती 39 ग्रॅम. पडली 500. जवळपास तेरा पट.

आता समजलं. मॅशचं पाणी मी 72 अंशांपर्यंतच तापवतो, उकळत नाही. दाणे धुवायचं पाणी पण तसंच. वर शेवटी 20 लिटरची खूण गाठायला दोन लिटर थेट आडाचं गार पाणी ओतलं.

कल्हईवाला
7 ऑगस्ट, सकाळी 10:40

संपलं. त्या दोन लिटरांनीच एकट्यानं घात केला असता. आणि न उकळलेलं पाणी शेवटी ओतणं तसंही सोड, क्लोरीन नसेल तर जंतू असतात.

वाईट बातमी अशी की क्लोरोफिनॉल एकदा झालं की जात नाही. कच्चेपणाचा वास काही आठवड्यांत जातो, गंधकाचा जातो, निपाणीकरांचा कुंदा पण जाईल कदाचित. हा नाही. वर्षभर ठेवून बघ, डेटॉलच राहील.

निपाणी_लोकल
7 ऑगस्ट, सकाळी 11:15

ऊर्ध्वपातन करून काढता येईल काय?

कल्हईवाला
7 ऑगस्ट, सकाळी 11:17

नाही. त्या वाटेला जायचंच नाही. हा धागा बिअरचा आहे.

गच्चीवरची
7 ऑगस्ट, दुपारी 12:30

पुढच्या वेळेचा उपाय माझ्या स्वयंपाकघरात आहे. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे लिंबाचं, आवळ्याचं सरबत टिकवायला आपण घालतो तेच. गणपत गल्लीकडं सरबताचे इसेन्स विकणाऱ्या दुकानांत विचारा. नळाच्या पाण्याला 75 लिटरमागं अर्धा ग्रॅम पुरतं, ढवळलं की काही मिनिटांत क्लोरीन खलास. नुसतं उघडं ठेवून किंवा उकळून साधं क्लोरीन जातं, खरं काही ठिकाणी क्लोरामाइन घालतात, ते तसं सहजी जात नाही. मेटा दोन्हीला चालतं.

तुमच्यासारखा तेरा पट मारा असेल तर मात्र मावशींचे पिवळे थेंब फिके होईपर्यंत चार दिवस थांबा, उगीच मेटा ओतत बसू नका. दम्याच्या माणसाला सल्फाइट सोसत नाही.

पणजी_व्हाया_चोर्ला
7 ऑगस्ट, रात्री 8:45

विषय निघालाच आहे तर. इंग्रजी पुस्तकांत 'स्कंक'चा वास म्हणतात तो कसा ओळखायचा? स्कंक कुणी बघितलाय इथं? मी हिरव्या बाटल्या भरून दुपारभर व्हरांड्यात ठेवल्या होत्या, आता काहीतरी विचित्र येतंय.

कल्हईवाला
7 ऑगस्ट, रात्री 9:30

तोच तो. घरातला गॅस सिलिंडर गळला की जो वास येतो, त्याचा हा चुलतभाऊ समज. गॅसला वास यावा म्हणून मरकॅप्टन घालतात, आणि उन्हानं हॉप्समधल्या कडू द्रव्यापासून जे बनतं तेही त्याच जातीचं, गंधकाचं. तपकिरी बाटली बरंचसं अडवते, हिरवी जवळपास काहीच अडवत नाही. कोकणी उन्हात तासभर पण पुरे.

गच्चीवरची
8 ऑगस्ट, सकाळी 10:10

मला यावरून सुचलं. इंग्रजी तक्ता हातात घेऊन आपण बटरस्कॉच, क्रीम्ड कॉर्न, स्कंक शोधत बसतो. आपल्या नाकाला ती नावंच माहीत नाहीत, मग 'काहीतरी विचित्र' म्हणून सोडून देतो. मराठीत खराब चवींना किती नेमके शब्द आहेत बघा. इंग्रजीत तुरट आणि कडू यांची कायम गल्लत होते. आपलं चार वर्षांचं पोर पण सुपारी तुरट आणि कारलं कडू म्हणतं. बिअरमध्ये कडू हॉप्सचं, तुरट टरफलांचं. दाणे धुवायचं पाणी 77 अंशांच्या वर गेलं किंवा दाणे मिक्सरवर पीठ केले की तुरट. माझ्या पहिल्या बिअरला आजी म्हणाली "कच्च्या केळ्यागत जीभ ओढते," आणि चूक तिथल्या तिथं कळली.

कल्हई गेलेल्या पितळेतलं दही कळकतं. बिअर लोखंडानं, गंजक्या डब्यानं खराब झाली की हुबेहूब ती चव. नक्की करायचं तर थेंबभर हाताच्या मागच्या बाजूला चोळून हुंगायचं. माळ्यावर उकाड्यात महिनोन्‌महिने राहिलेल्या बाटलीला भिजल्या पुठ्ठ्याचा वास, ती हवेची करणी. जुन्या हॉप्सना मोज्यांचा. खवट, कुबट, करपट, हिरवट, आंबूस, वशट, प्रत्येकाची चूक वेगळी.

तिसरं_रेल्वेगेट
8 ऑगस्ट, सकाळी 10:48

वाचनखूण साठवली.

उकडलेल्या मक्याचा राहिला. बाजारात पावसाळ्यात कणसं उकळतात त्या पातेल्याचं झाकण काढल्यावर येतो तो. फिकट माल्टचा असतो, उकळताना उडून जायला पाहिजे. मी गॅस वाचवायला झाकण ठेवून उकळली होती, सगळा वास थेंबांतून परत आत. तेव्हापासून झाकण कट्ट्यावर.

चंदगडी_काजू
8 ऑगस्ट, सकाळी 11:20

आमचं पण ऐका. माल्ट भरडून घ्यायला कांडपावर नेलं. कांडपवाला म्हणाला, "देतो की, आत्ताच संकेश्वरी मिरची काढली, बाजूला व्हा." बिअर रंगाला सुरेख झाली. पहिल्या घोटाला चौघंजण एकदम ठसकले. ह्याला तुमच्या तक्त्यात काय म्हणतात?

कल्हईवाला
8 ऑगस्ट, सकाळी 11:26

तिखट.

आडवाटेचा
8 ऑगस्ट, संध्याकाळी 6:40

आज पोरं परत आली होती. ह्या वेळी मी समोर उभा राहून 40 ग्रॅम तोलून दिली, आईला तो कंजूसपणा वाटला. मनात आलं, गृहीत कशाला धरा. दोन तासांनी पाणी काढून ठेवलंय, उद्या दोन-दोन लिटरच्या तीन बरण्या लावतो. माल्ट, हॉप्स, यीस्ट एकच. 'क'मध्ये आडाचं पाणी जसंच्या तसं. 'ख'मध्ये तेच, मेटा घालून. 'ग'मध्ये आरओचं. ते संशयित हॉप्सचं पाकीट तिन्हींत वापरणार.

कल्हईवाला
8 ऑगस्ट, संध्याकाळी 7:05

शाब्बास. चिठ्ठी ग्लासाच्या बुडाला लाव, आणि वास घेणाऱ्याला काही सांगू नको. 'डेटॉल येतो का बघ' म्हटलं की प्रत्येकाला येतो.

आडवाटेचा
19 ऑगस्ट, रात्री 9:50

निकाल.

श्रावण असल्यानं प्यायला कुणी तयार नाही. तेव्हा फक्त वास. आई, वहिनी आणि शेजारचे काका. काकांनी महिना पाळलाय, त्यांनी आधी देवघराकडं बघून घेतलं, मग ग्लास नाकाशी नेला.

तिघांनी 'क' वेगळा काढला. ह्या वेळी पावडर मापात होती तरी. वास जुलैपेक्षा पुष्कळ कमी, खरं आहे. वहिनी म्हणाली, "बाळंतपणाच्या वॉर्डाचा." आई काहीच बोलली नाही, ग्लास नुसता लांब सरकवला. 'ग' स्वच्छ, खरं काका म्हणाले, "ह्याला अंगच नाही." 'ख'ला डेटॉल अजिबात नाही. आईला मात्र त्यात काहीतरी हिरवट लागलं, कच्च्या भोपळ्याची फोड कापल्यावर येतो तसं.

हॉप्सचं पाकीट निर्दोष. माफी मागितली त्याची.

कल्हईवाला
19 ऑगस्ट, रात्री 10:15

आईंचं नाक मला उसनं पाहिजे. कच्चा भोपळा किंवा हिरवं सफरचंद म्हणजे असिटाल्डिहाइड. अल्कोहोल व्हायच्या आधीची पायरी. दहा दिवसांची बिअर आहे, पोरवय आहे तिचं. आणखी आठवडाभर यीस्टवर राहू दे, जाईल. आरओला अंग नाही हे काका बरोबर बोलले, त्यातली कॅल्शियमसकट सगळी खनिजं निघून गेलेली असतात. चिमूटभर जिप्सम घालून बघ कधीतरी. पण आडाचं पाणी चांगलं असताना आरओच्या मागं लागायची गरज नाही.

सिस्टर_मावशी
20 ऑगस्ट, पहाटे 5:40

40 ग्रॅम तोलून दिलीस हे वाचून बरं वाटलं. पाणी पुन्हा पाच मीटरच आहे ना ते दर वेळी दोरी सोडून बघ. पाऊस ओसरला की माप कमी कर.

निपाणी_लोकल
20 ऑगस्ट, सकाळी 9:00

माझा पण निकाल. ग्रॅव्हिटी 1.012 वर थांबलेली होती, म्हणून धीर करून बाटल्या बाहेर ठेवल्या, गोणपाटात. बारा दिवस झाले. कुंदा बराच उतरलाय, आता फक्त शेवटच्या घोटाला भांडं खरवडल्याएवढा येतो. एकही बाटली फुटली नाही.

आडवाटेचे, तुमच्या 26 बाटल्यांचं काय केलंत शेवटी? ओतल्या?

आडवाटेचा
20 ऑगस्ट, सकाळी 9:35

ओतणारच होतो. आईनं अडवलं. तिच्या वाफ्यात कोथिंबीर आणि मुळ्याची रोपं गोगलगायी फस्त करायल्यात. वहिनीनं कुठंतरी वाचलं होतं, बिअरच्या वासाला गोगलगाय येते आणि वाटीत पडते. काल संध्याकाळी चार वाट्या काठापर्यंत मातीत पुरून ह्या बिअरनं भरल्या.

सकाळी मोजल्या. 11.

चंदगडी_काजू
20 ऑगस्ट, सकाळी 9:41

त्यांना श्रावण नाही वाटतं.

निपाणी_लोकल
20 ऑगस्ट, सकाळी 9:50

माझ्याकडं कुंद्याच्या चार उरल्यात. एका वाटीत ती पण लावून बघता काय? त्यांना काय आवडतं तेवढं कळू दे.